स्टिअरिंगआधी झेब्रा क्रॉसिंग : कोथरूडमधील एका ड्रायव्हिंग स्कूलचा अनुभव

कोथरूडमधील डहाणूकर कॉलनीच्या परिसरात असलेल्या एका लहान मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी गेल्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत चारचाकी चालवायला शिकले. त्या प्रशिक्षणाविषयी लिहावे असे तेव्हाच ठरवले होते, परंतु परवाना मिळून काही महिने शहरात स्वतः गाडी चालवल्याशिवाय शिकवणीचा कस लागत नाही, असे वाटल्याने आजवर थांबले. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही. दोन गाड्या आणि तीन प्रशिक्षक एवढाच तिचा पसारा आहे, महिना-दीड महिना थांबल्याशिवाय तेथे जागा मिळत नाही, आणि नाव छापू नये अशी मालकांची इच्छा आहे. ड्रायव्हिंग स्कूल निवडताना काय विचारावे, हे मात्र या अनुभवावरून कोणालाही ठरवता येईल.

मी ४९ वर्षांची आहे. नववीत हाती आलेली सायकल मी नोकरी लागल्यावरही बरीच वर्षे चालवली. पुढे रहदारी वाढली तशी ती सुटली, आणि माझे सगळे जाणे-येणे बसने आणि पायी होऊ लागले. सासूबाईंच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीसाठी नेण्याची वेळ आली, तेव्हा गाडी शिकणे भाग पडले. मला भीती क्लच-गिअरची नव्हती. आपण झेब्रा क्रॉसिंगवर पाय ठेवताच ज्यांच्या गाडीचा वेग वाढतो, पावसाच्या डबक्यातून गाडी नेताना ज्यांना कडेने चालणारा माणूस दिसत नाही, त्यांच्यातली एक आपणही होऊ, ही ती भीती होती. प्रवेशापूर्वी मी चार ठिकाणी चौकशी केली. तीन ठिकाणी किती दिवसांत हात बसेल आणि लायसन्ससह किती पैसे होतील, एवढेच बोलणे झाले. या चौथ्या ठिकाणी पहिलाच प्रश्न आला, ‘ताई, तुमचे रोज पायी चालणे होते का? सायकल येते का?’

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार खासगी मोटारीचे प्रशिक्षण किमान २१ दिवसांचे असावे लागते आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान १० तास भरावे लागतात. प्रशिक्षणाच्या गाडीला प्रशिक्षकाच्या पायाखालीही ब्रेक असतो, तो याच नियमांमुळे. बहुतेक ठिकाणी हे २१ दिवस पहिल्याच सकाळी स्टिअरिंगवर बसवून सुरू होतात. येथे त्याआधी तीन दिवस वेगळे काढलेले आहेत आणि त्या तीन दिवसांत गाडीची चावी हाती येत नाही. सर्वांत जास्त तक्रारी याच तीन दिवसांबद्दल होतात, असे कार्यालयातील बाईंनी मला आधीच सांगून ठेवले होते. माझ्या मते मी भरलेल्या शुल्काचा मोठा भाग याच तीन दिवसांत वसूल झाला.

आमचे प्रशिक्षक मूळचे सासवडचे, एसटीत २६ वर्षे चालक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. पहिल्या दिवशी सकाळी नऊ वाजता, म्हणजे गर्दीच्या ऐन वेळी, ते आम्हा चौघांना कर्वे पुतळ्याच्या चौकात घेऊन गेले आणि त्यांनी रस्ता ओलांडायला सांगितले. पहिल्यांदा आपल्या नेहमीच्या चालीने ओलांडायचा, दुसऱ्यांदा दोन्ही हातांत भाजीने भरलेल्या पिशव्या घेऊन, आणि तिसऱ्यांदा गुडघे दुखणारे माणूस चालते तसे, पाऊल पुरते टेकवून मगच दुसरे उचलत. सर स्वतः प्रत्येक वेळी वाहनांच्या बाजूने आमच्यासोबत चालत होते. हे सगळे मी तीस वर्षे करत आले आहे, त्यात शिकण्यासारखे काय असणार, असे मला वाटत होते. परंतु तिसऱ्या वेळी रस्त्याच्या मध्यावर पोहोचले आणि माझ्या ध्यानात आले की, मी सासूबाईंना हाताला धरून कितीतरी वेळा रस्ता पार करून दिला असला, तरी त्यांच्या चालीने तो मी स्वतः कधीच ओलांडला नव्हता.

परतल्यावर सरांनी एका वहीत हिशेब मांडून दाखवला. धडधाकट माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो. वृद्ध किंवा आजारी माणूस ०.८ मीटर. रस्ता १४ मीटर रुंद धरला, तर पहिल्याला तो ओलांडायला सुमारे १२ सेकंद लागतात आणि दुसऱ्याला साडेसतरा. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला ११ मीटरहून थोडे अधिक अंतर कापते, म्हणजे साडेसतरा सेकंदांत ती जवळजवळ १९५ मीटर पुढे येते. याचा अर्थ असा की, आपल्या सासूबाईंच्या वयाच्या बाईने पाऊल टाकण्यापूर्वी दोनशे मीटरवरच्या गाडीचा अंदाज घ्यायला हवा. तेवढ्या लांबची गाडी त्यांना नीट दिसतही नाही. मध्येच थबकणाऱ्या, दोन पावले पुढे टाकून एक मागे घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांवर हॉर्न वाजवणाऱ्या प्रत्येकाला हा हिशेब एकदा करायला लावावा, असे मला त्या दिवशी फार तीव्रतेने वाटले.

त्याच सकाळी सरांनी आम्हाला एक प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत मुदत दिली. थांबणाऱ्या गाड्यांपैकी कोणत्या गाडीसमोरून जाताना तुम्हाला निर्धास्त वाटले? उत्तर आम्हा चौघांचेही एकच आले. अगदी पायाशी येऊन कचकन ब्रेक दाबणारी गाडीही थांबतेच, परंतु तिच्यासमोरून माणूस पळत जातो. तीस मीटर आधीच ज्या गाडीचा वेग उतरू लागतो, जिचे नाक किंचित खाली झुकलेले दिसते, तिच्यासमोरून तो चालत जातो. नियमाच्या दृष्टीने दोघेही चालक सारखेच निर्दोष आहेत. पायी जाणाऱ्याच्या जिवाला मात्र त्या दोन थांबण्यांमध्ये फार मोठा फरक जाणवतो. पुढच्या २१ दिवसांत ‘ब्रेक’ हा शब्द सरांनी फार कमी वापरला. ‘पाय काढा, त्यांना दिसू द्या’, असे ते म्हणत, म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय वेळेवर उचला, म्हणजे समोरच्याला तुमचा विचार कळेल.

दुसरा दिवस सायकलचा होता. रविवारी पहाटे, रहदारी सुरू होण्यापूर्वी, मयूर कॉलनीच्या आतल्या रस्त्यावर आम्हाला एकेक करून सायकल चालवायला दिली गेली आणि सर गाडी घेऊन मागे आले. त्यांनी पाठीमागून एकदाच हॉर्न दिला. माझी मान उजवीकडे वळली आणि मानेसोबत हँडलही उजवीकडे, म्हणजे नेमके गाडीच्या वाटेत गेले. बाजूला होण्यासाठी वाजवलेला हॉर्न सायकलस्वाराला आत ओढतो, ही गोष्ट आयुष्याची वीस वर्षे सायकल चालवूनही मी कधी शब्दांत मांडली नव्हती. त्यानंतर ते किमान दीड मीटर अंतर सोडून, हॉर्न न देता, पुढे निघून गेले. सायकल सरळ रेषेत जात नाही, हे सरांनी आम्हा सर्वांच्या मनावर ठसवले. ड्रेनेजचे झाकण, खडी, उभ्या गाडीचे उघडू शकणारे दार यांना चुकवत ती जाते. चढावर आणि निघताना तर ती अधिकच हेलकावते. म्हणून पुढची सायकल आत्ता कुठे आहे, यापेक्षा तिच्या समोर रस्त्यात काय आहे, हे बघून गाडी चालवायची.

याच दिवशी मला माझी एक जुनी चूकही कळली. शाळेत असताना आणि नंतरही, पुढच्या चौकातून वळसा पडू नये म्हणून मी कितीतरी वेळा शंभर-दीडशे मीटर उलट्या बाजूने, अगदी कडेने सायकल नेत असे. इतक्या कडेने जाण्यात कोणाचे काय बिघडते, अशी माझी समजूत होती. सरांनी मला गल्लीच्या तोंडाशी गाडीत, चालकाच्या जागेवर बसवले आणि विचारले की, येथून डावीकडे वळायचे असेल तर तुम्ही कोणीकडे बघाल? उजवीकडे, कारण वाहने तिकडूनच येणार. उलट्या दिशेची सायकल येते डावीकडून. चालक बेदरकार नसला, अगदी काळजीपूर्वक बघत असला, तरी तो ज्या बाजूला बघतो आहे त्या बाजूला मी नव्हतेच. रस्त्यावरच्या समजुतीची जबाबदारी फक्त चारचाकीवाल्यांवर टाकून मी इतकी वर्षे मोकळी झाले होते, हे तेव्हा मला मान्य करावे लागले.

तिसऱ्या दिवशी पावसात छत्री घेतलेली, फोनवर बोलत चालणारी, गडद कपड्यांतली माणसे गाडीतून कशी दिसतात, हे सर गाडीभोवती स्वतः फिरून दाखवतात. काचेच्या उजव्या खांबाआड एक अख्खा माणूस आणि त्याची सायकल लपू शकते, आणि गाडीच्या मागे उभे असलेले चार वर्षांचे मूल कोणत्याही आरशात दिसत नाही. या वर्गाला सोसायटीतली शाळकरी मुलेही बोलावली जातात आणि त्यांना एकेक करून चालकाच्या जागेवर बसवले जाते. मुलांना त्याची गंमत वाटते, पण खाली उतरल्यावर ती उभ्या गाडीच्या मागून जाताना तिच्या मागच्या दिव्यांकडे बघू लागतात, हे मी पाहिले आहे. गाडी सुरू आहे का, मागचा पांढरा दिवा लागला आहे का, हे बघण्याची सवय एका सकाळीत लागते.

त्यानंतरचे प्रशिक्षण बरेचसे नेहमीसारखे आहे. हाफ क्लच, चढावर गाडी मागे न जाऊ देता उचलणे, रिव्हर्स, समांतर पार्किंग हे सगळे नीट शिकवले गेले आणि त्याबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही. मी लिहिते आहे ते या नेहमीच्या गोष्टी शिकवताना सर मध्ये मध्ये जे सांगत गेले, त्याबद्दल.

वेगाचा धडा त्यांनी एका रिकाम्या रस्त्यावर खडूने खुणा करून दिला. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० किलोमीटर वेगाला त्या एका सेकंदात गाडी आठ मीटर जाते आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत आणखी सुमारे पाच मीटर. ताशी ५० ला हेच आकडे १४ आणि १४ होतात. खडूच्या तेरा मीटरच्या खुणेपाशी सरांनी आपली पाण्याची बाटली ठेवली आणि आम्हाला अठ्ठावीसच्या खुणेपर्यंत चालत जाऊन मागे वळून बघायला सांगितले. वेग पावणेदोनपटही वाढलेला नसतो, परंतु धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने ती मात्र पावणेतीनपटीहून अधिक होते. संस्थेच्या कार्यालयात एका कागदावर केंद्र सरकारची २०२२ ची आकडेवारी लावलेली आहे : देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ मृत्यू, त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारे. त्या कागदाकडे बोट दाखवून सरांनी कधी भाषण केले नाही. रोज सही करण्याची वही मात्र त्याच कागदाखाली ठेवलेली असते.

दार उघडण्याचा धडा मी घरातल्या सर्वांना शिकवला आहे. उजव्या बाजूला बसलेल्या चालकाने दार उजव्या हाताने न उघडता डाव्या हाताने उघडायचे. डावा हात उजव्या दाराच्या कडीपर्यंत न्यायचा तर खांदा आणि मान आपोआप मागे वळतात, आरसा आणि मागून येणारी सायकल दोन्ही दिसतात. डावीकडे बसलेल्याने तेच उजव्या हाताने करायचे. यासाठी पैसे लागत नाहीत, वेळ जात नाही, आणि एखाद्या सायकलस्वाराचे तोंड गाडीच्या दारावर आदळणे टळते. इतकी साधी गोष्ट परवान्याच्या चाचणीत का तपासली जात नाही, हे मला समजत नाही.

आमच्यासोबत शिकणाऱ्यांत अकरा वर्षे इंग्लंडमध्ये राहून परत आलेले एक गृहस्थ होते. तिकडे ते रोज गाडी चालवत, पण इथे त्यांना धीर होत नव्हता. त्यांनी सांगितलेला प्रसंग माझ्या कायमचा लक्षात राहिला आहे. परतल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ते पायी रस्ता ओलांडायला उभे असताना समोरून येणाऱ्या गाडीने हेडलाइट दोनदा उघडझाप केले. तिकडे चालक असे करतो तेव्हा बहुधा ‘तुम्ही आधी जा’ असे त्याला म्हणायचे असते, म्हणून ते पुढे झाले, आणि गाडी वेग कमी न करता त्यांच्या अगदी जवळून गेली. आपल्याकडे डिपर मारण्याचा अर्थ ‘मी येतो आहे, तुम्ही थांबा’ असा होतो. एकाच खुणेचे दोन उलटे अर्थ असतील, तर ज्या ठिकाणी माणसाचा जीव त्या अर्थावर अवलंबून आहे तेथे ती खूण वापरायचीच नाही, असे सरांनी यावर सांगितले. सरळ जायचे असताना चौकात चारही इंडिकेटर लावण्याच्या सवयीलाही त्यांचा असाच विरोध आहे. बाजूने येणाऱ्याला त्यांतला एकच दिवा दिसतो आणि गाडी वळणार आहे, असे समजून तो निघतो.

याच ओघात त्यांनी सौजन्याची एक मर्यादाही शिकवली, आणि ती माझ्यासाठी सर्वांत नवी होती. पायी जाणाऱ्यासाठी आपण थांबलो की, हाताने ‘या, या’ अशी खूण करावीशी वाटते. सर ती करू देत नाहीत. आपण थांबलो असलो, तरी आपल्या डावीकडून, आपल्याच गाडीच्या आडोशाने, एखादा दुचाकीवाला वेगात येत असू शकतो, आणि आपल्या खुणेवर विश्वास ठेवून निघालेला माणूस त्याच्यासमोर जातो. आपल्या थांबण्याची हमी आपण देऊ शकतो, दुसऱ्याच्या थांबण्याची नाही. म्हणून आपण पुरेसे मागे थांबायचे, म्हणजे पायी जाणाऱ्याला आपल्या गाडीपलीकडचे दिसते. उजवा हात खिडकीबाहेर काढून तळवा खाली करून वर-खाली हलवायचा, म्हणजे मागच्यांना वेग कमी करण्याची खूण मिळते. आणि ओलांडणाऱ्याला त्याचा निर्णय त्याच्या डोळ्यांनी घेऊ द्यायचा. हाताची ही खूण नियमांत आहे, परंतु इंडिकेटर आणि ब्रेकलाइट आल्यापासून ती जवळजवळ कोणी करत नाही. मी ती करू लागले तेव्हा सुरुवातीला मागच्या काही जणांना मी वळणार आहे असे वाटले असावे. आता बहुतेक जण वेग कमी करतात.

हॉर्नच्या बाबतीत सर कडक आहेत. विनाकारण किंवा गरजेपेक्षा अधिक हॉर्न वाजवल्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या वेळी १,००० आणि पुन्हा केल्यास २,००० रुपये दंड आहे, हे त्यांनी एकदा सांगितले आणि सोडून दिले. त्यांचा खरा उपाय वेगळा आहे. सरांचे वडील दरवर्षी आळंदीहून माऊलींच्या पालखीसोबत चालत, आणि लहानपणी त्यांचा हात धरून दिवे घाट चढल्याचे सर सांगतात. वारीत एकाचा धक्का दुसऱ्याला लागतो, पायावर पाय पडतो, आणि तोंडातून निघते ते ‘माऊली’. पुढे जायचे असेल तरी ‘माऊली’ म्हणतात आणि चुकून आडवे आले तरीही ‘माऊली’च. सरांनी हाच शब्द गाडीत आणला आहे. एखादा माणूस फोनवर बोलत आडवा आला की ते पाय काढायला सांगतात आणि शांतपणे म्हणतात, ‘येऊ द्या माऊलींना.’ आम्हीही तसेच म्हणावे, असा त्यांचा आग्रह असतो. पहिले दोन-तीन दिवस मला संकोच वाटला. नंतर लक्षात आले की, ज्याला आपण आत्ताच माऊली म्हटले त्याच्यावर पुढच्या क्षणी ओरडता येत नाही. जीभ तशी वळतच नाही. पालखी पुण्यात मुक्कामी असते तेव्हा हेच शहर, हेच रस्ते आणि हेच चालक तासन् तास न कुरकुरता चालणाऱ्यांना वाट देतात, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

एसटीतल्या नोकरीमुळे मोठ्या वाहनांविषयी सर जे सांगतात, ते दुसरीकडे क्वचितच ऐकायला मिळेल. बस डावीकडे वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने न जाता बरीच आतून जातात. सिग्नलला बसच्या डाव्या अंगाला, फुटपाथच्या कडेला जाऊन उभा राहिलेला सायकलस्वार किंवा दुचाकीवाला त्या आतल्या वाटेत असतो, आणि चालकाच्या आरशात तो येत नाही. त्यांनी आम्हाला एका मैदानात, उभ्या बसच्या चालकाच्या जागेवर बसवून हे दाखवले. थांब्यावर उभ्या असलेल्या बसला ओलांडताना बसच्या पुढून माणूस येणार आहे असे धरूनच चालायचे, कारण उतरलेल्या प्रवाशांपैकी कोणीतरी घाईने पलीकडे निघालेलेच असते.

आता उणिवा. त्या लहान नाहीत. वर लिहिलेले सर्व काही एका माणसाच्या अंगी आहे. संस्थेने ते कोठेही लिहून काढलेले नाही. मधले चार दिवस सर गावी गेले असताना जे दुसरे प्रशिक्षक आले, त्यांनी मला पहिल्याच चौकात ‘मॅडम, हॉर्न देत राहा, लोक आपोआप बाजूला होतात’ असे सांगितले आणि झेब्रा क्रॉसिंगवर माणसे असताना मला ॲक्सिलरेटर वाढवायला सांगितले. मी नकार दिला तेव्हा ते नाराज झाले. एकाच छताखाली दोन इतके विरुद्ध धडे मिळत असतील, तर कोणाच्या वाट्याला काय येईल हे नशिबावर सोडल्यासारखे होते. मी मालकांशी हे बोलले. त्यांनी ऐकून घेतले, पण पहिल्या तीन दिवसांचा अभ्यासक्रम कागदावर आणून सर्व प्रशिक्षकांना बंधनकारक करण्याचे आश्वासन अजून पूर्ण झालेले नाही.

दुसरी उणीव वेळेची. सकाळच्या तासाला एका गाडीत तिघे प्रशिक्षणार्थी बसतात आणि वेळ वाटून घेतात. दुसऱ्याचे बघूनही शिकायला मिळते हे खरे, परंतु माझ्या नोंदीप्रमाणे २१ दिवसांअखेर माझे प्रत्यक्ष चालवणे पावणेआठ तासच भरले होते. नोंद दाखवल्यावर मला आणखी तीन सकाळी विनाशुल्क दिल्या गेल्या आणि दहा तास पूर्ण झाले. जे नोंद ठेवत नाहीत त्यांचे काय होत असेल, हा प्रश्न उरतो. म्हणून कोणत्याही स्कूलमध्ये जा, रोजची मिनिटे लिहून ठेवा. वाहतूक चिन्हांचे तक्ते इतके विटलेले आहेत की, काही चिन्हांतला लाल रंग ओळखू येत नाही. गाड्या जुन्या आहेत, एकीचा क्लच फारच जड आहे. गुडघेदुखी असलेल्यांसाठी रस्ता ओलांडण्याच्या धड्याला दुसरा पर्याय ठेवलेला नाही, आणि रात्रीचे चालवणे अभ्यासक्रमात मुळीच नाही.

शुल्क मी ७,५०० रुपये भरले, त्यात परवान्याचे सरकारी शुल्क धरलेले नव्हते. आसपासच्या इतरांपेक्षा ते हजार-दीड हजाराने जास्त होते. परवान्याची चाचणी मी पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. चाचणीच्या ट्रॅकवर आठचा आकडा, चढ आणि रिव्हर्स आहेत. रस्ता ओलांडणारे माणूस तेथे असत नाही, त्यामुळे या संस्थेत जे वेगळे शिकायला मिळाले त्याचा चाचणीतील यशाशी संबंध जोडता येणार नाही.

त्याचा संबंध लागला तो नंतर. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी पावसात मी लॉ कॉलेज रस्त्याने सासूबाईंना घेऊन येत होते. पुढे एक मुलगा दप्तर पाठीवर टाकून सायकलवर चालला होता आणि त्याच्या वाटेत, पाण्याखाली, ड्रेनेजचे खचलेले झाकण आहे हे मला रोजच्या जाण्याने माहीत होते. मागून हॉर्न वाजत होते. मी वेग त्याच्याइतकाच ठेवून मागे राहिले आणि खिडकीतून हात बाहेर काढला. तो झाकणापाशी अचानक उजवीकडे आला, सावरला, परत कडेला गेला, आणि मागे न बघताच त्याने एक हात वर केला. सासूबाईंनी विचारले, ‘ओळखीचा होता का गं?’

पायी चालण्याच्या माझ्या सवयीही बदलल्या आहेत. पावसात रस्ता ओलांडण्यापूर्वी मी छत्री उंच धरते, म्हणजे चालकाला माझे डोळे दिसतात आणि मला त्याचे. उभ्या बसच्या पुढून जाणे मी सोडले आहे. जो चालक लांबूनच वेग कमी करतो त्याला हात दाखवून आभार मानते, कारण त्याने काय केले ते आता मला कळते.

गेल्या महिन्यात संस्थेत जाऊन मी अभिप्रायाच्या वहीत रात्रीच्या आणि पावसातल्या धड्यांची मागणी पुन्हा लिहून आले. सरांनी ती वाचून दोन दिवसांनी फोन केला. दिवाळीनंतर, सूर्यास्तानंतरचे दोन वर्ग घ्यायचे त्यांच्या मनात आहे. पहिल्या वर्गात जुन्या प्रशिक्षणार्थींनी गडद आणि फिक्या कपड्यांत रस्त्याच्या कडेने चालायचे आणि नव्यांनी गाडीतून बघून, माणूस दिसला की अंतर सांगायचे. चालणारे कमी पडत आहेत, असे ते म्हणाले. मी माझे आणि माझ्या नवऱ्याचे नाव दिले आहे.